सागवानाचा गाभा

साग हा पानझडी वनांतील वृक्ष होय. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली व मेळघाट येथील साग विशेष प्रसिद्ध आहे. सागवानास वाळवी लागत नाही, असे खेड्यापाड्यांत सर्रास सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे, आणि त्यावर विसंबून घेतलेली चौकट थोड्याच पावसाळ्यांत पोखरली जाऊ शकते.

सागाच्या ओंडक्याचा आडवा छेद पाहिल्यास दोन भाग स्पष्ट दिसतात. सालीलगतचा पांढुरका भाग जिवंत झाडात पाणी वर नेतो व अन्नही साठवितो. म्हणूनच वाळवी व बुरशी यांस तो सहज पचतो. झाड वाढू लागले म्हणजे आतील लाकूड हे काम सोडते, त्यात तेलकट द्रव्ये साठतात व ते सोनेरी तपकिरी होते. हाच गाभा. वाळवीस न मानवणारी द्रव्ये यातच असतात. कोवळ्या झाडात अर्थातच पांढरे लाकूड अधिक.

गाभा उन्हापावसाने फारसा आकसत वा वाकत नाही, व त्यात ठोकलेले लोखंड सहसा गंजत नाही. ओक लाकडातील आम्लाने खिळे झिजतात. यास्तव जहाजांसाठी सागास मान मिळाला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले व १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील सागवानी फासळ्या तर सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. सुतार मात्र या लाकडावर थोडा नाराज असतो. त्यातील वाळूसारख्या सूक्ष्म कणांनी रंध्याचे पाते लवकर बोथट होते.

शाळेसाठी दारे, बाके करावयाची झाल्यास लाकूड रंग चढण्यापूर्वीच पाहावे. रंगाखाली पांढरे व तपकिरी सारखेच दिसते. फळीच्या दोन्ही कडा व चौकटीचा जमिनीलगतचा भाग विशेष तपासावा. पांढरा पट्टा बाकाच्या पाठीस असला तर एक वेळ चालेल, उंबरठ्यास मुळीच नको. ताज्या कापास कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो, हीही एक खूण.

मुलांस हा भेद दाखविणे सोपे आहे. सुताराकडून गाभ्याचा व पांढऱ्या लाकडाचा असे दोन सारखे तुकडे आणावेत, शाळेच्या आवारात वाळवीच्या जागी अर्धे पुरावेत, आणि पावसाळा संपल्यावर मुलांकडूनच ते उकरून घ्यावेत.