विश्लेषण : युरोपचा क्रिप्टो परवाना ग्राहकाचे काय वाचवतो?

युरोपीय संघात क्रिप्टोचा व्यवसाय करण्यासाठी आता परवाना लागतो. ‘मार्केट्स इन क्रिप्टो-ॲसेट्स’ म्हणजेच ‘मायका’ हा कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. आधीपासून सुरू असलेल्या कंपन्यांना जास्तीत जास्त १ जुलै २०२६ पर्यंत मुदत देण्याची मुभा सदस्य देशांना होती. नेदरलँड्सने मात्र सहाच महिने दिले.

परवान्याच्या अटी कोणत्या?
एका सदस्य देशाच्या नियामकाने परवाना दिला की कंपनीला सर्व २७ देशांत सेवा देता येते. सेवेच्या प्रकारानुसार किमान ५० हजार, सव्वा लाख किंवा दीड लाख युरो भांडवल लागते. ग्राहकांची क्रिप्टो कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवावी लागते. २०२२ मध्ये ‘एफटीएक्स’ बुडाली, तेव्हा ग्राहकांचा पैसा ‘अलामेडा’ या भगिनी कंपनीकडे वळवल्याचे उघड झाले होते. सांभाळायला दिलेली क्रिप्टो कंपनीच्या चुकीमुळे हॅकरने पळवली, तर बाजारभावाने भरपाईची जबाबदारीही कंपनीचीच.

स्टेबलकॉइनचे काय?
एकाच चलनाशी जोडलेले स्टेबलकॉइन ग्राहकाने मागताच दर्शनी मूल्याने परत घ्यावे लागते. त्यावर व्याज देता येत नाही आणि जमा रकमेपैकी किमान ३० टक्के बँकेत ठेवावी लागते. ‘सर्कल’ने यासाठी फ्रान्समध्ये परवाना घेतला. ‘टेथर’ने तो घेतला नाही. त्यामुळे ‘बायनान्स’ने मार्च २०२५ मध्ये युरोपातील ग्राहकांसाठी ‘यूएसडीटी’चे स्पॉट व्यवहार थांबवले.

मग पैसा सुरक्षित आहे का?
पूर्णपणे नाही. परवाना कंपनीच्या कारभारावर लक्ष ठेवतो, बिटकॉइनच्या भावावर नाही. बँक ठेवींसारखे विमा संरक्षणही येथे नाही. परवानाधारक कंपन्या त्याच संकेतस्थळावर कायद्याबाहेरची उत्पादनेही विकतात आणि त्यातून ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, असा इशारा ‘एस्मा’ या युरोपीय नियामक संस्थेने जुलै २०२५ मध्ये दिला.

तेथील मराठी नोकरदारांनी काय पाहावे?
परवाना नसलेली युरोपबाहेरची कंपनी ग्राहकाने स्वतःहून मागितली तरच सेवा देऊ शकते. तिला तेथे जाहिरात करता येत नाही. त्यामुळे जर्मनी वा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी ‘एस्मा’च्या नोंदवहीत कंपनीचे नाव आणि तिला मंजूर झालेल्या सेवा तपासाव्यात. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि कंपन्यांना ‘एफआययू’कडे नोंदणीची सक्ती आहे. पण ग्राहकाची क्रिप्टो वेगळी ठेवायला लावणारा ‘मायका’सारखा स्वतंत्र कायदा अद्याप नाही.