समुद्रातील पवनचक्क्यांची उभारणी

साताऱ्याजवळील चाळकेवाडीचे पठार ज्यांनी पाहिले असेल, किंवा कन्याकुमारीकडे जाताना मुप्पंदलची खिंड ज्यांनी ओलांडली असेल, त्यांना पवनचक्क्यांचे नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु हीच चक्की जमिनीवरून उचलून किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात उभी करावयाची म्हटले, म्हणजे सारा व्यवहारच पालटतो.

मुळात समुद्रात जावयाचे कशासाठी? पहिले कारण वाऱ्याचे गणित. वाऱ्याच्या अंगची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला ८ मीटर वाहणारा वारा १० मीटर वाहू लागला, तर वेग सव्वापट होतो, पण शक्ती जवळजवळ दुप्पट होते. डोंगर, झाडी, वस्ती यांचा अडथळा नसल्याने समुद्रावरचा वारा अधिक वेगाने आणि अधिक सारखा वाहतो. दुसरे कारण रस्त्याचे. इंग्लंडच्या पूर्वेस डॉगर बँक येथे बसविलेल्या यंत्रांचे एकेक पाते १०७ मीटर लांब आहे. एवढे पाते घाटातल्या वळणावरून नेणार कसे? जहाजावर ते निमूटपणे जाते.

तथापि यात एक गंमत आहे, आणि ती कंत्राटदाराच्या जिवावर बेतणारी आहे. जी जागा वारा थांबत नाही म्हणून निवडावयाची, त्याच जागी वारा थांबण्याची वाट पाहत काम करावयाचे.

या उद्योगाचा आरंभ मोठ्या जपून झाला. १९९१ साली डेन्मार्कने विंडेबी येथे, किनाऱ्याच्या अगदी नजरेच्या टप्प्यात, उथळ पाण्यात ११ चक्क्या उभ्या केल्या. साऱ्या मिळून वीज सुमारे ५ मेगावॉट. पंचवीस वर्षे काम करून २०१७ साली त्या उतरविण्यात आल्या. त्यानंतरची मजल पाहावयाची तर यॉर्कशायरच्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवरील हॉर्नसी-१ हा प्रकल्प पाहावा. त्यात १७४ चक्क्या आहेत, प्रत्येकी ७ मेगावॉटच्या.

हे काम चालते कसे? प्रथम तळाची पाहणी. उत्तर समुद्रात या पाहणीत दुसऱ्या महायुद्धातील न फुटलेले बाँब हटकून सापडतात आणि त्यांचा बंदोबस्त केल्यावाचून पुढे सरकता येत नाही. मग पाया. बहुतेक ठिकाणी हा पाया म्हणजे पोलादाची एक प्रचंड नळी असते. हॉर्नसी येथील नळ्यांचा व्यास ८ मीटरांहून थोडा अधिक आहे. अशी शेकडो टन वजनाची नळी उभी धरून तिच्या माथ्यावर घणाचे घाव घालीत ती तळात ठोकावयाची.

त्या ठोकण्याचा आवाज पाण्यातून फार दूर जातो. पॉरपॉइज नावाचा, डॉल्फिनच्या कुळाशी नाते सांगणारा लहानसा जलचर आवाजावरच आपली वाट आणि भक्ष्य शोधतो. त्याच्या दृष्टीने हा अनर्थच. जर्मनीने या आवाजावर कायद्याने मर्यादा घातली आहे. त्यावरचा उपाय मला मोठा सुंदर वाटतो. पायाभोवती तळावर छिद्रे पाडलेली नळी गोल अंथरून तिच्यातून हवा सोडतात. बुडबुड्यांचा एक पडदा वर चढत राहतो आणि बराचसा आवाज त्या पडद्यातच जिरतो.

यंत्र चढविण्यासाठी लागणारे जहाज आपल्याला अगदीच अपरिचित नाही. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस तेल शोधून काढले, ते तळावर पाय रोवून आणि आपले अंग पाण्याबाहेर उचलून. चक्क्या बसविणारी जहाजे याच जातीची. लाटांवर हेलकावणाऱ्या बोटीवरून शंभर मीटर उंचीवर यंत्र बसविणे अशक्यच. म्हणून जहाजालाच घटकाभर जमीन बनवावे लागते. समुद्र पन्नास-साठ मीटरांहून खोल असेल, तर हे सारे निरुपयोगी ठरते. मग चक्कीच तरंगती करून साखळ्यांनी बांधतात. स्कॉटलंडजवळ २०१७ साली अशा पाच चक्क्या कामाला लागल्या.

समुद्र चूक लगेच दाखवीत नाही. ठोकलेल्या नळीवर दुसरी एक पिवळी नळी टोपीसारखी बसवितात आणि दोहोंमधील फटीत सिमेंटसारखा गिलावा भरतात. वरचा सारा भार या गिलाव्याच्या पकडीवर. प्रचलित नियमसंहितेप्रमाणे हा सांधा निर्दोष होता. परंतु वाऱ्याने खांब रात्रंदिवस पुढेमागे वाकत राहिला, पकड झिजली, आणि २००९-१० च्या सुमारास असे आढळून आले की शेकडो चक्क्यांच्या वरच्या नळ्या हळूहळू खाली घसरत आहेत. नियम बदलावे लागले. सांधे निमुळते करण्यात आले, किंवा बोल्टांनी जोडण्यात आले. ज्यांचे आयुष्य नियमांच्या पुस्तकाबरोबर जाते, त्या आम्हां सरकारी माणसांना ही हकीकत विशेष बोलकी वाटेल.

विजेच्या केबलचीही स्वतःची एक खोड आहे. पाण्याखालच्या लांब केबलमध्ये प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, की त्याचा काही भाग केबल भारण्यातच खर्ची पडतो. म्हणून हॉर्नसी-१ च्या वाटेत समुद्रातच एक मधले ठाणे बांधावे लागले. डॉगर बँकने हा मार्ग सोडून एकदिश प्रवाह पत्करला.

आपल्याकडे यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली ठरले. २०१७ साली गुजरातेत पिपावावजवळ, खंबातच्या आखाताच्या तोंडाशी, वारा मोजणारे यंत्र समुद्रात बसले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी मिळून ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कोकणचा किनारा पहिल्या पसंतीत नाही; पहिल्या पाहणीत निवडलेले पट्टे त्या दोन राज्यांपुढचे आहेत.

पैशाचा प्रश्न मोठा खरा, पण मला त्याहून मोठा वाटतो तो पंचांगाचा. आपला वारा जोर धरतो तो जून ते सप्टेंबर, आणि त्या महिन्यांत समुद्रात बांधकामाचे नाव काढता येत नाही. पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे चक्रीवादळांचा हंगाम. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपुढील तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि त्यावरील कितीतरी कामगार दगावले. वादळाची सूचना आधी मिळालेली होती. पाण्यावर माणसे ठेवून काम करावयाचे, तर ती माणसे वेळेवर किनाऱ्यास आणण्याचा हुकूम कोणी व केव्हा द्यावयाचा, हे करारातच लिहिलेले असले पाहिजे. त्या हिशेबाने निर्वेध महिने मोजू गेल्यास डिसेंबर ते एप्रिल, एवढेच हाती उरतात.