निधी मिळाला, सरावाचं काय?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पाच लाखांच्या मर्यादेत न बसणाऱ्या यकृत प्रत्यारोपणासारख्या उपचारांसाठी राज्याने राखीव निधीची वाट मोकळी केली, हे चांगलंच झालं. पण चर्चा सगळी रकमेची झाली. ही रक्कम कोणत्या रुग्णालयाच्या हाती पडणार आणि तिथे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात, हे फारसं कुणी विचारलं नाही. लिव्हरच्या बाबतीत जीव आणि बिल, दोन्ही या प्रश्नाशी बांधलेले आहेत.

जिथे ऑपरेशनं जास्त तिथे मृत्यू कमी, हा सरावाचा मुद्दा जुना आहे. १९७९ मध्ये संशोधक हॅरॉल्ड लुफ्ट यांनी अमेरिकेतल्या सुमारे दीड हजार रुग्णालयांची आकडेवारी तपासून तो मांडला. २००२ मध्ये सर्जन जॉन बर्कमायर यांनी त्याला आणखी धार आणली. स्वादुपिंडाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के रुग्ण दगावत होते, तर सर्वाधिक करणाऱ्यांत ३.८ टक्के.

हे कशामुळे? सर्जनचा हात, असं उत्तर चटकन सुचतं. सर्जन अमीर घाफेरी यांनी २००९ मध्ये दिलेलं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं. त्यांनी ८४,७३० रुग्णांची माहिती पाहिली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्युदर असलेल्या रुग्णालयांत ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, २६.९ आणि २४.६ टक्के. मात्र गंभीर गुंतागुंत झाल्यावर पहिल्या गटात १२.५ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात २१.४ टक्के. म्हणजे संकट दोन्हीकडे येतं. एकीकडे ते वेळेत ओळखून रुग्णाला वाचवलं जातं.

लिव्हरला हे तंतोतंत लागू पडतं. या अवयवातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. निरोगी लिव्हरचा मोठा भाग काढला तरी उरलेला वाढतो. सिरॉसिस असेल तर तोच हिशेब जिवावर बेततो. ऑपरेशननंतर पित्त गळू लागलं, तर सोनोग्राफीच्या मदतीने नळी टाकणारा रेडिओलॉजिस्ट रात्री दोन वाजताही हजर हवा. रक्तपेढी हवी, ताप आणि नाडीतला बारीक बदल हेरणारी नर्स हवी. हे नसेल तर दुसरं ऑपरेशन, आयसीयूतला मुक्काम, महागडी अँटिबायोटिक्स असं सगळं वाढत जातं. बिल फुगतं ते इथे. म्हणून सुरुवातीला स्वस्त दिसणारं पॅकेज शेवटी महागात पडू शकतं.

पण अशा शस्त्रक्रिया मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच करण्याला दुसरी बाजू आहे. गडचिरोलीच्या कुटुंबाला मुंबई गाठायची तर नातेवाइकांचा राहण्याजेवणाचा खर्च आणि बुडालेली मजुरी बिलात कुठेच दिसत नाही. शिवाय संख्येचं उद्दिष्ट लावलं की गरज नसलेली ऑपरेशनंही होऊ लागतील. म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही, निकालही हवेत.

इंग्लंडने अशा शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांत एकवटल्या. आपणही राखीव निधीतून पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला वर्षभरातल्या लिव्हरच्या शस्त्रक्रिया, ९० दिवसांतले मृत्यू आणि पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागलेले रुग्ण जाहीर करायला लावावेत. सोबत दूरच्या रुग्णाच्या प्रवासाचा आणि नातेवाइकांच्या मुक्कामाचा खर्चही याच निधीतून द्यावा. पैसा जनतेचा आहे. तो कुठे जीव वाचवतो, हे जनतेला कळलंच पाहिजे.