लग्न परदेशात, कागद वेळापूरचे

मुलगा नोकरीसाठी परदेशात, मुलगीही तिकडचीच, मग लग्नही तिकडेच, असे ठरले की वेळापुरातल्या घरात पहिली चर्चा हॉलची आणि तिकिटांची होते. खरे तर आधी ठरवायला हवे ते हे, की लग्न कोणत्या कायद्याने लावायचे.

दोन वाटा

एक वाट त्या देशाच्या कायद्याची, म्हणजे तिथल्या नोंदणी कार्यालयाची. दुसरी भारतीय वकिलातीची, विदेशी विवाह अधिनियम, 1969 नुसार. वकिलातीत लग्न लावायचे तर दोघांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा. मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षे पूर्ण हवीत आणि पहिले लग्न कायम असता कामा नये. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने त्या विवाह अधिकाऱ्याच्या हद्दीत सलग 30 दिवस राहिलेले असावे लागते. नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी 30 दिवस जातात. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. थोडक्यात, आठ दिवसांच्या रजेत हे जमत नाही. शिवाय वकिलात नकारही देऊ शकते, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रूढ आहे आणि 1969 चा कायदाही अशा रूढीला सूट देतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मात्र असे लग्न लागत नाही.

तिथले नियम

अमेरिकेत लग्नाचे नियम राज्यागणिक बदलतात. काउंटी कार्यालयातून आधी परवाना काढायचा आणि लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीने त्यावर सही करायची. भटजींनी नुसत्या मंगलाष्टका म्हटल्या तर कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेले नसते. अमेरिकी नागरिकाशी लग्नासाठी के-1 व्हिसावर गेल्यास 90 दिवसांत लग्न करावे लागते. इंग्लंडमध्ये नोंदणी कार्यालयात किमान 28 दिवस आधी नोटीस लागते, आणि लग्नापुरते जाणाऱ्याला त्यासाठीचा वेगळा व्हिसा.

गावातून न्यायचे कागद

जन्मदाखला, पासपोर्ट आणि अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र हे बहुतेक ठिकाणी लागतात. घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला.

घोडे अडते ते नावापाशी. जन्माच्या नोंदीत बाळाचे नावच नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’, पासपोर्टवर ‘दत्तात्रेय’, आईचे नाव एकीकडे माहेरचे तर दुसरीकडे सासरचे. आपल्याकडे कारकून समजून घेतो. परदेशातला अधिकारी ही दोन माणसे धरतो. जन्मनोंदीतली चूक नोंदणी झाली त्याच कार्यालयात दुरुस्त होते, नाव बदलले असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी दाखवावी लागते. हे काम साखरपुड्याआधीच हाती घ्यावे. मराठी दाखल्यांचे प्रमाणित भाषांतरही सोबत ठेवावे.

अपोस्टिल

आपला दाखला खरा आहे हे परक्या देशाला पटवणारा शिक्का म्हणजे अपोस्टिल. 1961 च्या हेग कराराची ही सोय भारतात जुलै 2005 पासून आहे. आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम. करारात नसलेल्या देशांसाठी, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीसाठी, त्यांच्या वकिलातीचे प्रमाणीकरण लागते. जर्मनीने तर या करारातल्या भारताच्या प्रवेशावरच हरकत घेतली होती, म्हणून तिथल्या विवाह कार्यालयाला काय चालते ते लेखी विचारावे.

सोपी वाट

दोघेही भारतीय नागरिक असतील तर माझे मत स्पष्ट आहे: लग्न वेळापुरात, अर्धनारीनटेश्वराच्या गावातच करावे. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करावी. त्यासाठी लग्नपत्रिका, वयाचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. मिळालेल्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल घ्यावे. परदेशी जोडीदाराशी इथे लग्न करायचे तर विशेष विवाह अधिनियम, 1954 नुसार विवाह अधिकाऱ्याकडे 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

नियम आणि शुल्क बदलत राहतात. हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी संबंधित कार्यालयाकडून कागदांची यादी लेखी मागवा.