नकाशावर आधी आपली माणसं

बॅचमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, समोरच्या दुकानदाराचा रेट कसा काढायचा?" मग मी उलटा विचारतो, तुमचा माल घेऊन निघालेला पोरगा या मिनिटाला इतवारीत आहे की कामठी रोडवर? सगळे चूप. म्हणून आज जरा सैन्याकडे जाऊ. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, तरी या विषयाकडे आपण कधी धंद्याच्या नजरेनं पाहत नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे १४८ सैनिक लढाईत मेले. त्यातले ३५ स्वतःच्याच सैन्याच्या माऱ्यात. सपाट वाळवंट, रात्रीची वेळ, आणि लांबून सगळे रणगाडे सारखेच दिसतात. पुढे त्यांनी गाड्यांमध्ये स्क्रीन बसवले. गाडी कुठे आहे ते जीपीएसवरून कळायचं, सॅटेलाइटमार्फत सगळ्यांना जायचं आणि नकाशावर निळं चिन्ह उमटायचं. नाव ब्लू फोर्स ट्रॅकर. २००३ च्या इराक युद्धात ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं.

यातली खरी गंमत ऐका. निळी चिन्हं आपोआप हलायची. शत्रूची लाल चिन्हं मात्र कोणीतरी पाहून, हातानं टाकायची. म्हणजे आपल्या माणसांची माहिती ही सिस्टिमची जबाबदारी, शत्रूची माहिती मिळेल तशी. आपण नेमकं उलटं करतो. समोरच्याचा रेट रोज पाहतो, स्वतःचा स्टॉक दिवाळीला मोजतो.

पण नुसतं यंत्र घेऊन भागत नाही. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सीमेवर पाकिस्तानी विमानं आलेली. श्रीनगरहून उडालेलं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामला कोसळलं. वायुसेनेचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ऑक्टोबरमध्ये वायुसेनाप्रमुख भदौरियांनी जाहीर सांगितलं की क्षेपणास्त्र आपलंच होतं आणि ती मोठी चूक होती. हेलिकॉप्टरमधलं ओळख सांगणारं यंत्र बंद होतं आणि जमिनीवरचा समन्वयही तुटला होता, असं चौकशीतून बातम्यांत आलं.

हे यंत्र कसं चालतं? जमिनीवरून रेडिओवर सांकेतिक प्रश्न जातो, विमानातून ठरलेलं उत्तर येतं. उत्तर आलं तर आपला. नाही आलं तर? तर फक्त 'माहीत नाही'. शत्रू असंच नाही, आपलंच बंद पडलेलं यंत्रही असू शकतं. घाईत हा फरक पुसला जातो.

आपल्याकडे आता भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेलं 'आकाशतीर' आहे. हवाई संरक्षणाची रडारं जोडून सगळ्यांना एकच चित्र दाखवायचं, म्हणजे आपल्याच विमानावर मारा व्हायचा धोका कमी. जमिनीवरच्या टेहळणीसाठी 'संजय' आहे, २४ जानेवारी २०२५ ला सुरू झालेला, खर्च २,४०२ कोटी. महाभारतातल्या संजयाचंच नाव, एका जागी बसून सगळं रणांगण पाहणारा!

दुकान म्हणजे रणांगण नव्हे आणि कुकरची डिलिव्हरी म्हणजे कोणाचा जीव नव्हे, हे मलाही कळतं. पण पोरगा फोन उचलत नाही म्हणून मालक दुसऱ्याला तोच माल देऊन पाठवतो, आणि दोघं एकाच गिऱ्हाइकाच्या दारात भेटतात, हे गांधीबागेत कोणालाही विचारा.

माझ्या दुकानात काउंटरमागे व्हाइटबोर्ड आहे. बाहेर जाणारा नाव, एरिया, बिल नंबर आणि निघायची वेळ लिहितो. निळ्या मार्करनंच. वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण दोन तासांपूर्वीचं 'धरमपेठ' आत्ताचं समजून आपण पुढचा कॉल घेतो. फोन लागला नाही तर नावापुढे प्रश्नचिन्ह. ते असेपर्यंत त्याच ऑर्डरवर दुसरा माणूस निघत नाही, आधी गिऱ्हाइकाला फोन. लाइव्ह लोकेशन वापरत असाल तर उत्तम, फक्त ते सुरू आहे का हे पोरगा निघतानाच पाहून घ्या.

उद्या दुपारी ३ वाजता, कोणालाही फोन न करता, तुमची माणसं, माल आणि बाहेर असलेली उधारी कुठे कुठे आहे ते एका कागदावर लिहा. मग फोन करून ताडा. किती जुळलं ते पुढच्या शनिवारी बॅचमध्ये घेऊन या.