बेल वाजली, पण चेहरा दिसेना!

दोस्तांनो, कॅमेरावाली बेल पाहिलीये ना? कुणी बटण दाबलं की आईच्या मोबाइलवर पाहुण्याचा चेहरा हजर! पण कधीकधी बेल वाजते आणि मोबाइलवर नुसतं चाक गरगरत राहतं. चित्र येईपर्यंत कुरिअरवाले दादा जिना उतरून पसार! बेल बिघडलेली नसते हं. बऱ्याचदा दारापर्यंत वायफायच धड पोचत नसतं.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी, प्रकाशाच्याच जातीच्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या. अशा बऱ्याच बेला २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात. म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनं! एका लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर. पट्टीवर मोजून बघा बरं.

तारेशिवाय घंटा वाजवण्याची करामत तशी जुनीच. १८९५च्या सुमारास शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच अदृश्य लहरी सोडून दूरची घंटा वाजवली होती, शिवाय बंदुकीची दारूही पेटवली होती!

मग आपल्या बेलचं घोडं अडतं कुठे? लाकूड आणि साधी काच लहरींना फारशी अडवत नाहीत. विटांची भिंत थोडी ताकद खाते. सळया घातलेलं काँक्रीट बरीच खातं. पाणी लहरी शोषून घेतं, म्हणून मोठा फिश टँकही आड येतो. आणि धातू? तो तर लहरींना चक्क परत पाठवतो! आता आठवा, तुमच्या दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आहे का?

म्हणूनच भिंतीला भोक पाडण्याआधी सिग्नल मोजायचा. मोठ्यांना फोनवर वायफायची ताकद दाखवणारं अ‍ॅप घ्यायला सांगा. त्यात −४५, −६०, −७५ असे उणे आकडे दिसतील. एकक डीबीएम. शून्य म्हणजे एक मिलीवॅट. दर १० आकडे खाली गेलं की ताकद एक दशांश! म्हणजे −५० ला मिलीवॅटचा फक्त एक लाखावा भाग उरतो. गंमत म्हणजे तेवढ्यावरही व्हिडिओ झकास चालतो. साधारण −६५ पर्यंत ठीक, −७० च्या खाली अडखळणं सुरू, आणि −८० ला चित्राची आशा सोडा.

मोजताना फोन बेल लावायच्या जागी, त्याच उंचीवर धरा. दार बंद करून बाहेर उभे राहा, कारण बेल नेहमी बाहेरच असणार! तिथूनच एक व्हिडिओ कॉलही करून बघा. बेलला चित्र घरातून बाहेर पाठवायचं असतं, त्यामुळे समोरच्याला तुम्ही नीट दिसताय का, हे विचारायचं.

आकडा वाईट आला तर? टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात कोंडलेला राउटर बाहेर काढा, उंचावर ठेवा. तरी भागलं नाही तर राउटर आणि दार यांच्या मध्ये सिग्नल झेलून पुढे पाठवणारा रिपीटर लावता येतो. पण जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथेच. तो मेलेला सिग्नल जिवंत करत नाही!

आता एक कोडं. फोन छातीशी धरा आणि राउटरकडे तोंड करून आकडा बघा. मग तिथेच उभं राहून राउटरकडे पाठ करा. आकडा बहुतेक घसरेल. का बरं? उत्तर याच लेखात दडलंय. शोधा पाहू!