फुल रेसला गुणी, मंद चालीत हट्टी

इटियाडोह धरणावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यांना बहुतेक करून इंजिन नसतं. वल्ही, जाळी आणि वाऱ्याचा अंदाज एवढ्यावर त्यांचं भागतं. इंजिनाच्या बोटीची खरी गरज पडते ती पुरात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर १९७० साली झालेलं हे मातीचं धरण भरून सांडव्यावरून वाहू लागलं, की खाली गडचिरोली जिल्ह्यातल्या नदीकाठाला सावध व्हावं लागतं. पुढे गाढवी वैनगंगेला मिळते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडाऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत ठिकठिकाणी माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली.

अशा बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. बचाव पथकातली मंडळी नुसतं ‘ओबीएम’ म्हणतात. वर्षातला बराच काळ ते गोदामात पडून असतं. जूनमध्ये बाहेर काढून दोरी ओढली की सुरू होतं, रेस दिली की सुसाट पळतं. रेस कमी केली की मात्र मिस मारायला लागतं, थरथरतं आणि बंद पडतं. ‘पळतंय ना, मग झालं!’ असं म्हणून हा दोष पुष्कळदा सोडून दिला जातो. तपासणी खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवी. छपरावर अडकलेल्या माणसाजवळ कुणी फुल रेसमध्ये बोट नेत नाही. तिथे हळू जायचं, न्यूट्रल करायचं, प्रवाहाने मागे ढकललं की पुन्हा गिअर टाकायचा. त्या क्षणी इंजिन बंद पडलं तर बोट नदीच्या हवाली.

मंद चालीतच हे दुखणं का निघतं? पाण्यात पंखा फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मिनिटाला ५००० फेऱ्यांवरून इंजिन ८०० वर आलं, तर पंख्याची मागणी जवळजवळ अडीचशेव्या हिश्शावर येते. म्हणजे इंजिन जेमतेम स्वतःचं घर्षण सोसण्यापुरतंच जळत असतं. एखादा स्फोट हुकला तर तो भरून काढायला हाताशी काही शिल्लक नसतं. वेगात असताना तीच चूक पुढच्या स्फोटांच्या गर्दीत खपून जाते.

दुसरं कारण कार्ब्युरेटरच्या रचनेत आहे. वेगात हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. रेस सोडली की हवेची झडप जवळपास मिटते, गळ्यातला ओढा संपतो आणि मुख्य जेट कोरडं पडतं. मग पेट्रोल येतं ते झडपेच्या कडेशी असलेल्या, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या छिद्रांमधून. त्या छिद्रांपाशी कार्ब्युरेटर उघडून भिंगाने पाहिलं, तर पडून राहिलेल्या मोटरमध्ये मधाच्या रंगाचा चिकट थर दिसतो. विदर्भाच्या मे महिन्यात गोदामाचा पत्रा तापतो, पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे राहिलेला जड भाग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून असा लाखेसारखा बसतो. मुख्य जेटचं भोक मोठं, त्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. मंद चालीचं छिद्र मात्र बुजतं.

त्यात आता इथेनॉलची भर. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. याचा पहिला फटका मंद चालीला. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी भरलेली टाकी पावसाळी हवेत महिनाभर राहिली की श्वासछिद्रातून बाष्प आत जातं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळी असते तीही तळाशीच! टू-स्ट्रोक मोटरमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि तळाच्या त्या थरात ते विरघळत नाही. म्हणजे मोटर मिस मारते आणि वंगणाशिवायही फिरते. टाकीच्या तळातलं थोडं इंधन काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरावं. मधोमध रेघ दिसली तर पाना उचलायची गरजच नाही, टाकी रिकामी करायची.

बाटली स्वच्छ निघाली तर पुढे जावं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद राहिला की टाकीत निर्वात होतो आणि काही मिनिटांनी मोटर गुदमरते. चालू मोटरवर नळीतला रबरी फुगा हाताने दाबून पाहावा. चाल सुधारली तर इंधनाच्या पंपाचा पडदा किंवा नळीच्या जोडाची गळती संशयात येते. मग चोक अगदी थोडा ओढावा. आवाज सुधारला तर मिश्रण पातळ होतं, बिघडला तर जाड. इतक्या स्वस्तात इतकी माहिती देणारी दुसरी चाचणी नाही, आणि तरी बरेच मिस्त्री आधी प्लगच बदलतात.

प्लग बघायचाच, पण निदानासाठी. काळा, ओला, काजळी धरलेला प्लग जाड मिश्रणाचं किंवा न पडणाऱ्या ठिणगीचं लक्षण. पांढरट, भाजलेला प्लग पातळ मिश्रणाचं. दोन सिलिंडरच्या मोटरमध्ये इन्सुलेटेड चिमट्याने एकेका प्लगची वायर काढून ती अर्थला टेकवावी. जी काढल्यावर फेऱ्या पडत नाहीत, तो सिलिंडर झोपलेला. तिथे ठिणगी असूनही काम होत नसेल तर कॉम्प्रेशन मोजावं. दोन सिलिंडरांत मोठा फरक निघाला तर कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही.

इथे एक फसवी गोष्ट आहे. गोदामाबाहेर पाण्याच्या ड्रममध्ये मोटर चालवून बघण्याची पद्धत सोयीची खरी, पण बाहेर पडलेला धूर ड्रमभोवती साचतो आणि मोटर तोच पुन्हा आत ओढते. चांगली मोटरही मग अडखळते. टू-स्ट्रोकला तर मंद चालीत आधीच जळका वायू नीट बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे तिचा थोडा लंगडा ठेका हा दोष नव्हे, स्वभाव आहे. तो घालवायच्या नादात स्क्रू पिळत बसलं की मिश्रण बिघडतं.

म्हणून शेवटची जुळणी इटियाडोहसारख्या मोकळ्या, संथ पाण्यात करावी. बोट काठाला पक्की बांधून, इंजिन गरम झाल्यावर, गिअरमध्ये टाकून, म्हणजे पंख्याचा भार अंगावर असतो. थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून बारीक पण अखंड पडत असली पाहिजे. मंद चालीचा स्क्रू एका वेळी पाव फेरीपेक्षा कमी फिरवावा आणि दहा-पंधरा सेकंद थांबावं, कारण बदल इंजिनापर्यंत पोहोचायला तेवढा वेळ लागतो. सर्वांत गुळगुळीत आवाज सापडला की तिथून किंचित जाड बाजूला ठेवावं, नाहीतर रेस देताना मोटर खोकते. हंगाम संपला की नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मोटर चालू ठेवायची, तीही पाण्यातच. कोरड्यात चालवली तर पाण्याच्या पंपाचं रबरी चाक थोड्याच वेळात जळतं.